लाकडात मुरलेली लाल बिअर : वेस्ट फ्लँडर्समधील चार दिवस

पहिला दिवस : ब्रुगे

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दुपारी मी आणि माझी मोठी बहीण ब्रुगे स्थानकावर उतरलो, तेव्हा समुद्राकडून येणारा वारा इतका जोराचा होता की ताईने पहिल्याच मिनिटाला छत्री मिटून टाकली. ताईने तीस वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. यीस्ट आणि जिवाणू एकमेकांच्या साथीने कसे काम करतात हे समजावताना ती दरवर्षी बेल्जियमच्या वेस्ट फ्लँडर्स प्रांतातल्या लाल, आंबट बिअरचे उदाहरण देत असे. ही बिअर ओकच्या पिंपांत दोन-दोन वर्षे मुरवतात. निवृत्तीनंतर तिथे जाऊन ती प्यायची, हे तिने केव्हाच ठरवून टाकले होते. मला स्वतःला बोर्दोच्या वाइनच्या पिंपांत मुरवलेली एक जबर बिअर चाखायची होती, आणि ती याच प्रांतातल्या एका खेड्यात होते. म्हणून चार दिवसांचा बेत सौम्य बिअरपासून जबर बिअरपर्यंत चढत जाईल असा आखला.

सामान ठेवून आम्ही आधी ‘ओन्झ लीव्हे व्राउवे’ या चर्चमध्ये गेलो. मायकेलअँजेलोने घडवलेली माता आणि बालकाची मूर्ती पाहण्यासाठी तिथे नेहमीच गर्दी असते. आमचे मुख्य काम मात्र मेरी ऑफ बर्गंडी हिच्या समाधीपाशी होते. १४५७ मध्ये जन्मलेली ही राज्यकर्ती बहिरी ससाणा घेऊन शिकारीला गेली असताना घोड्यावरून पडली आणि त्या दुखापतीने १४८२ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी वारली. समाधीवर तिची सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती शांत पहुडलेली आहे. विख्ते गावच्या व्हेरहागे ब्रुअरीच्या ‘दुशेस द बुर्गोन्य’, म्हणजे बर्गंडीची डचेस, या लाल बिअरच्या लेबलवर, हातावर ससाणा घेतलेली जी स्त्री दिसते, ती हीच.

त्या संध्याकाळी एका छोट्या कॅफेत आम्ही तीच बिअर मागवली, आणि सोबत करड्या कोलंबीची क्रोकेट घेतली. उत्तर समुद्रातली ही कोलंबी करंगळीच्या पेराएवढी असते, पण तिची गोडी मोठ्या कोलंबीत सापडत नाही. बिअरचा रंग तांबूस तपकिरी होता, आणि ग्लास दिव्यासमोर धरल्यावर कडेला माणकासारखा लाल दिसत होता. पहिल्या घोटात गोडवा जाणवला. तो काळ्या चेरीचा आणि किंचित जळक्या साखरेचा होता. मग जिभेच्या दोन्ही कडांना आंबटपणा लागला, आणि घोट गिळल्यानंतर उत्तम, जुन्या व्हिनेगरची आठवण करून देणारा एक धारदार वास नाकात मागे राहिला. बिअरला कडू करणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा जवळजवळ नव्हताच. तळलेल्या कोलंबीवर एरवी लिंबू पिळतात, ते काम इथे बिअरनेच केले.

“अरे, हे आंबट म्हणजे नुसते आंबट नाही,” ताई म्हणाली. “यात दोन वेगळी आम्ले आहेत. जिभेला लागते ते दह्यातले, आणि नाकात चढते ते व्हिनेगरमधले. पुढच्या चार दिवसांत प्रत्येक ग्लासात या दोघांचे प्रमाण बघत जा.” ही सूचना मला अखेरपर्यंत उपयोगी पडली.

या बिअर चाखायला जाणाऱ्यांनी त्या फार गार मागवू नयेत. फ्रीजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, म्हणजे साधारण १० ते १२ अंश सेल्सियसला त्या बोलू लागतात. थंडगार बिअरमध्ये फक्त आम्ल पुढे येते आणि फळांचा वास झाकला जातो. एका बैठकीत कमी अल्कोहोलपासून जास्तीकडे जावे, आणि दोन ग्लासांच्या मध्ये ब्रेडचा साधा तुकडा खावा. चीज खाल्ले की पुढच्या घोटातला आंबटपणा बोथट होतो, म्हणून ते शेवटासाठी ठेवावे.

दुसरा दिवस : रूसेलारे

ब्रुगेहून कोर्ट्राइककडे जाणाऱ्या गाडीने रूसेलारे अर्ध्या तासावर आहे. वाटेत बीटाची शेते लागली. काढलेल्या बीटाचे मातकट ढीग रस्त्याकडेला ओळीने पडले होते आणि वर ढग इतके खाली आले होते की चर्चचे मनोरे त्यांत बुडालेले दिसत होते. रोडेनबाख ब्रुअरी पाहण्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते. ती आम्ही दोन महिने आधीच घेऊन ठेवली होती, आणि इतरांनीही तसेच करावे.

रोडेनबाख भावंडांनी १८२१ मध्ये ही ब्रुअरी सुरू केली. त्यांपैकी अलेक्झांडर लहानपणीच अंध झाला होता, तरी बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर तो राष्ट्रीय सभेचा सदस्य झाला. दुसरा भाऊ पेद्रो हा सैनिक होता. पेद्रोचा नातू यूजीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडला गेला. तिथे पोर्टर ही गडद बिअर मोठमोठ्या लाकडी पिंपांत कशी मुरवतात आणि जुनी बिअर ताज्या बिअरमध्ये कशी मिसळतात, हे तो शिकून आला. इंग्लंडमध्ये ती पद्धत नंतर मागे पडली. रूसेलारेत मात्र ती दीडशे वर्षे अखंड चालू आहे.

आमची वाटाड्या साठीच्या घरातली एक बाई होती. तिचे वडील याच शहरात बिअर पोचवण्याचे काम करत, असे तिने सांगितले. माल्ट, म्हणजे मोड आणलेले जव, भाजण्याचा जुना मनोरा, तांब्याची भांडी, हे सगळे तिने भराभर दाखवले आणि एका जाड दारापाशी थांबून म्हणाली, “इथून पुढे आवाज कमी करा.” ती हे का म्हणाली, ते दार उघडल्यावर मला समजले.

आत अंधूक उजेडात ओकची उभी पिंपे रांगेने उभी होती, प्रत्येक माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच, आणि त्यांच्या लोखंडी कड्या लाल रंगवलेल्या. प्रत्येकावर क्रमांक घातलेला होता. फ्लेमिश भाषेत या पिंपाला ‘फूडर’ म्हणतात. इथे अशी २९४ फूडर आहेत, आणि त्यांतली काही दीडशे वर्षांची आहेत. एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जावे, तरी त्या रांगा संपत नाहीत. वासाचे वर्णन करणे अवघड आहे. ओले लाकूड, सफरचंदाची साल, चेरीच्या बियांचा किंचित बदामी वास आणि या सगळ्याखाली व्हिनेगरची एक बारीक रेघ, असा तो होता. ताईने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ ती काही बोललीच नाही.

फूडरमध्ये एकही खिळा नसतो. फळ्यांच्या सांध्यांत पाणकणसाची पाने घालतात, आणि कुठे पाझर दिसला तर मधमाश्यांचे मेण लावतात. ब्रुअरीने स्वतःचे पिंपकारागीर पदरी ठेवलेले आहेत. ते जुनी फूडर उसवतात, फळ्या आतून खरवडतात आणि पुन्हा बांधतात. फार खरवडले तर लाकडात मुरलेले जीव निघून जातात आणि मुळीच खरवडले नाही तर त्यांचा अतिरेक होतो, त्यामुळे हा हात वर्षानुवर्षे शिकावा लागतो.

बिअर आधी साधारण आठवडाभर यीस्टवर आंबते. त्या यीस्टसोबत लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे जिवाणू असतात, ते नंतरच्या काही आठवड्यांत दह्यातले आम्ल तयार करतात. मग ती फूडरमध्ये जाते आणि तिथे दोन वर्षे राहते. ओकच्या फळीतून हवा अगदी थोडी, पण सतत आत झिरपते. त्या हवेवर ॲसिटोबॅक्टर अल्कोहोलपासून व्हिनेगरचे आम्ल बनवतो, आणि ब्रेटानोमायसेस नावाचे चिवट यीस्ट साध्या यीस्टला न पचलेल्या साखरा सावकाश खात फळांचे वास निर्माण करते. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातूनही सुगंधी पदार्थ होतात. चेरीचा जो वास आम्हाला ब्रुगेत आला होता, त्या बिअरमध्ये चेरी घातलेल्या नसतात.

इथे ताईने एक प्रश्न विचारला, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या सहलीचा धागा तोच ठरला. वाइनवाले २२५ लिटरची छोटी पिंपे वापरतात, मग इथे एवढी अवाढव्य का? वाटाड्या म्हणाली, छोट्या पिंपात बिअर लवकर व्हिनेगर होईल. ताईने लगेच वहीत आकडेमोड केली. सारख्याच घडणीचे २०,००० लिटरचे फूडर आणि २२५ लिटरचे पिंप घेतले, तर छोट्या पिंपात प्रत्येक लिटर बिअरच्या वाट्याला येणारा लाकडाचा पृष्ठभाग सुमारे साडेचार पट भरतो. शिवाय छोट्या पिंपाची फळी पातळ असते. म्हणजे हवा कितीतरी जास्त, आणि आम्लही त्याच हिशेबाने. शिवाय शंभर वर्षे वापरलेल्या फूडरच्या लाकडात स्वतःची चव द्यायला काही उरलेले नसते. ते फक्त जिवांना घर देते. वाइनचे पिंप मात्र व्हॅनिला, जीभ कोरडी करणारे टॅनिन आणि आधीच्या वाइनचा अंशही बिअरला देऊ करते.

वाटाड्याने एका फूडरच्या तोटीतून दोन वर्षांची बिअर छोट्या ग्लासात काढून दिली. तिच्यात फेस नव्हता, गोडवा नव्हता, आणि पहिल्या घोटाला कानशिले आवळली. तरीही त्या आंबटपणामागे काहीतरी खोल, फळासारखे होते, आणि ते मला पुन्हा पुन्हा ग्लासाकडे ओढत होते. अशी बिअर एकटी क्वचितच विकतात. नेहमीच्या रोडेनबाखमध्ये, जी ५.२ टक्के अल्कोहोलची असते, तीन भाग ताजी आणि एक भाग मुरलेली बिअर असते. ‘ग्राँ क्रू’मध्ये दोन भाग मुरलेली आणि एक भाग ताजी, आणि अल्कोहोल ६ टक्के. निवडलेल्या एकाच फूडरची ‘व्हिंटेज’ ७ टक्क्यांची असते. दर फूडरची चव निराळी निघते, म्हणून कोणती बिअर किती घ्यायची हे अखेर माणसाची जीभच ठरवते. मला यंत्रे आणि इमारतींपेक्षा या मिसळणीचे महत्त्व जास्त वाटले. मुरवण्याचे काम वेळ करून देते, पण केव्हा थांबायचे आणि कशात काय मिसळायचे हे वेळ सांगत नाही.

संध्याकाळी स्थानकाजवळच्या कॅफेत ऐंशीच्या पुढचे एक आजोबा शेजारच्या टेबलावर बसले होते. त्यांनी रोडेनबाख मागवली आणि तिच्यात डाळिंबी रंगाचे गोड ग्रेनाडीन सरबत ओतले. आमचे आश्चर्य पाहून त्यांनी समजावले की त्यांच्या तरुणपणी ही बिअर आजच्याहून आंबट लागायची आणि बायका, मुले अशीच पीत. ‘आता गरज नाही, पण सवय आहे,’ असे ते म्हणाले आणि त्यांनी आम्हालाही एक घोट चाखवला. ताईला ते आवडले. मला ग्राँ क्रू स्वच्छच हवी होती. तिच्यासोबत मी स्टोफव्लेस, म्हणजे बिअरमध्ये मंद शिजवलेले गोमांस, आणि बटाट्याच्या जाड फ्राइज खाल्ल्या. त्या रश्श्यातली साखर आणि मोहरी या बिअरच्या आंबटपणाला फार चांगली लागते.

तिसरा दिवस : औडनार्डे

शनिवारी कोर्ट्राइकला गाडी बदलून आम्ही औडनार्डेला गेलो. विख्तेचे छोटे स्थानक याच मार्गावर लागते. प्रांताची हद्द ओलांडली की शेल्ट नदीकाठचे हे गाव येते. दिवसभर पाऊस होता आणि त्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखे नाही, पण तुलनेसाठी हा मुक्काम आवश्यक होता. इथल्या लीफमान्स ब्रुअरीची ‘गाउडनबांड’ ही ८ टक्क्यांची तपकिरी बिअर उघड्या भांड्यांत आंबवतात, आणि ती लाकडात न ठेवता मुरवतात. याच ब्रुअरीत सचिव म्हणून आलेल्या रोझा मेर्क्स पुढे बेल्जियममधल्या पहिल्या महिला मुख्य ब्रुअर झाल्या. सोळाव्या शतकातल्या नक्षीदार नगरभवनासमोर बसून ती बिअर प्यायलो, तेव्हा लाकडाने काय केले हे लाकूड नसल्यामुळेच कळले. मनुका, खजूर, माल्टचा दाट गोडवा आणि दह्यासारखे मऊ आम्ल, हे सगळे होते. नाकात चढणारी ती व्हिनेगरची रेघ मात्र नव्हती.

त्याच दुपारी दुसऱ्या एका कॅफेत आम्हाला एक बिघडलेली बाटली मिळाली. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ती कुठे, कशी साठवली गेली असेल कोण जाणे. ग्लास जवळ आणताच नेलपॉलिशसारखा, डोक्यात जाणारा वास आला. आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून इथाइल ॲसिटेट होते. ते कणभर असेल तर पेअरसारखा वास देते आणि जास्त झाले की असा, हे ताईने सांगितले. या प्रकारची बिअर चाखणाऱ्याने हा वास ओळखायला शिकावे. आंबटपणा हा दोष नाही, पण हा वास दोष आहे, आणि तो आल्यास बाटली नम्रपणे परत करावी. आमची त्यांनी लगेच बदलून दिली.

चौथा दिवस : एसेन

रविवारी सकाळी रूसेलारेहून लिख्तरफेल्डला गाडी बदलून डिक्समाउडे गाठले. पहिल्या महायुद्धात ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियन सैन्याने समुद्राचे पाणी सोडून आयझर नदीकाठचा हा सखल प्रदेश बुडवला आणि जर्मन फौजांना अडवले. गाव त्यात नष्ट झाले, आणि आज दिसणारे विटांचे चौक युद्धानंतर पुन्हा बांधलेले आहेत. ८४ मीटर उंच आयझर मनोरा पावसातही दुरून दिसत होता. एसेन तिथून तीनेक किलोमीटरवर आहे. रविवारची सोयीची बस न मिळाल्यामुळे आम्ही चालत निघालो, आणि अर्ध्या वाटेत आडवा पाऊस सुरू झाला. ताईने एकदाही तक्रार केली नाही. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवून फक्त बोटाने दिशा दाखवली, कारण आम्ही कुठे निघालो हे त्याला न विचारताच कळले होते.

‘द डोले ब्राउअर्स’, म्हणजे वेडे ब्रुअर, ही ब्रुअरी हेर्टेलीर भावांनी १९८० मध्ये एका जुन्या, बंद पडू घातलेल्या ब्रुअरीत सुरू केली. त्यांतले क्रिस हेर्टेलीर वास्तुविशारद आणि चित्रकारही आहेत. त्यांची रंगीत चित्रे पिण्याच्या दालनाच्या भिंतींवर आहेत. उकळलेला माल्टरस निवण्यासाठी इथे अजून उथळ, उघडे तांब्याचे भांडे आहे. रविवारी दुपारी ब्रुअरी दाखवतात, आणि बहुतेक गाव व सायकलवरून आलेले लोक तिथेच जमतात.

त्यांची पहिली बिअर ‘ऊरबिअर’, म्हणजे आदिम बिअर, ९ टक्क्यांची, तांबूस तपकिरी. सुरुवातीची बरीच वर्षे तिला लागणारे यीस्ट रोडेनबाखहून येत असे. ते मिळणे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंद झाले, तेव्हा यांनी आपले विरजण स्वतःच जपायला घेतले. शुक्रवारी पाहिलेल्या त्या दालनांतले जीव असे शेजारच्या गावांत विरजणासारखे पोचले होते, हे ऐकून ताई हरखली.

आणि मग ती बाटली आली : ‘ऊरबिअर स्पेशल रेझर्व्हा’. हीच ऊरबिअर बोर्दोच्या रेड वाइनच्या पिंपांत दीर्घकाळ मुरवतात, आणि तिचे अल्कोहोल १३ टक्क्यांपर्यंत चढते. पिंपातले चिवट यीस्ट उरलेली साखर खात राहते, हे त्याचे एक कारण. आम्ही दोघांत एकच छोटी बाटली घेतली.

तिचा रंग जुन्या महोगनीसारखा होता, फेस पातळ आणि लगेच विरणारा. वासात आधी वाइन आली, मग भिजवलेल्या मनुका, व्हॅनिला, जुन्या कपाटातल्या लाकडाचा कोरडा वास, आणि त्या सगळ्याच्या खाली रूसेलारेची ती चेरी. शुक्रवारच्या आकडेमोडीवरून मी तिखट व्हिनेगरची अपेक्षा धरली होती, कारण पिंप छोटे, हवा जास्त. प्रत्यक्षात आंबटपणा होता, पण तो दाट माल्टच्या आत विणलेला होता. घोट सावकाश उतरला, छातीत ऊब पसरली आणि अगदी शेवटी टॅनिनने जीभ हलकेच कोरडी केली.

मी ताईकडे पाहिले. ती वहीत शुक्रवारचे पान उघडून बसली होती. “माझा हिशेब चुकला नव्हता, अपुरा होता,” ती म्हणाली. “मी पिंप मोजले, बिअर मोजलीच नाही. इतक्या अल्कोहोलमध्ये जिवाणूंना जोर करता येत नाही, आणि एवढा माल्ट असल्यावर लाकडाने दिलेले पेलवते. पाच टक्क्यांची बिअर या पिंपात ठेवली असती तर संपली असती.” तिने त्या आकड्यांच्या खाली ‘१३ टक्के’ असे लिहून दोनदा अधोरेखित केले. जबर बिअरच वाइनच्या पिंपात का घालतात, हे मी पूर्वी पुष्कळदा ऐकले होते, पण समजले ते त्या टेबलावर.

एसेनला जाणाऱ्यांनी मोटार नेऊ नये. बेल्जियममध्ये वाहनचालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि या बिअरचा एक ग्लासही जड पडतो. पोटभर खाऊन जावे. डिक्समाउडे लोण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथला ब्रेड व ते लोणी हे आमचे त्या दिवसाचे सर्वांत शहाणपणाचे खाणे ठरले. रेझर्व्हाच्या बाटलीवर वर्ष छापलेले असते. घरी नेल्यास ती उभी, अंधारात आणि थंड जागी ठेवावी.

पाच वाजत आले तेव्हा पाऊस थांबला होता आणि अंगणातल्या ओल्या विटांवर पिवळे ऊन आले होते. टेबल आवरायला आलेल्या मुलाने रिकामे ग्लास उचलायला हात पुढे केला, तशी ताईने आपला ग्लास हलकेच मागे ओढला. तळाशी काही उरले नव्हते. तिने ग्लासावर तळहात झाकून थोडा वेळ तसाच ठेवला, मग हात काढून तो माझ्यापुढे धरला. आता त्यातून वाइन उडून गेली होती आणि फक्त ओले ओक व चेरीची बी उरली होती.